घोड्याच्या नाकाचं अस्तर आणि त्यातल्या चेता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की पुण्यात शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि माझ्या फोनवर नाकांचे फोटो येऊ लागतात. घोड्यांच्या नाकांचे. कुणी रेसकोर्सजवळच्या तबेल्यातून पाठवतं, कुणी शहराबाहेरच्या रायडिंग स्कूलमधून. वरातीला घोडे देणारे दोघंतिघं तर थेट व्हिडिओच धाडतात. "डॉक्टर, आतून लाल दिसतंय, ठीक आहे ना?" बहुतेक वेळा ठीकच असतं. तीच ती उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून ती इथे एका जागी लिहून ठेवली. आजारी नाकापेक्षा निरोगी नाकाबद्दल इथे जास्त सापडेल, कारण विचारणाऱ्यांपैकी अर्ध्यांची काळजी निरोगी नाक नीट न पाहिल्यामुळेच असते.

नस म्हणजे नेमकं काय? शीर का?

मराठीत हा घोळ जुनाच आहे. "नस कापली" म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी, "नस चढली" म्हणतो तेव्हा स्नायू आणि "नस दबली" म्हणतो तेव्हा वेगळीच वस्तू. ही तिसरी वस्तू म्हणजे शाळेच्या पुस्तकातली चेता: मेंदूकडे खबर नेणारी आणि मेंदूचा हुकूम आणणारी तार. इथे सगळीकडे मी चेता हाच शब्द वापरला आहे. मोतद्दारांशी बोलताना मात्र "वायर" म्हणतो. त्यांना ते लगेच कळतं, शहरी मालकांना दोनदा सांगावं लागतं.

घोड्याच्या नाकाचं एवढं कौतुक कशासाठी? बैलाचं नाक, कुत्र्याचं नाक, तसंच हे.

तसंच नाही. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो, आपण सर्दी झाली की तोंडाने श्वास घेतो. घोड्याला ती सोयच नाही. त्याच्या मऊ टाळूचा पडदा इतका लांब असतो की तो जिभेमागे घट्ट बसतो आणि श्वासनलिकेचं झाकण त्याच्या वर टेकतं. त्यामुळे तोंडाची वाट आणि हवेची वाट एकमेकींपासून तुटलेली राहते. निरोगी घोडा श्वास घेतो तो फक्त नाकाने, मग तो गव्हाणीत तोंड घालून उभा असो की शेवटच्या फर्लांगात असो.

आता आकडे पाहा. पाचशे किलोचा घोडा उभा असताना मिनिटाला साधारण 8 ते 16 श्वास घेतो, एका श्वासाला पाचेक लिटर हवा. भरधाव दौडीत त्याचा श्वास टापांशी जुळतो, एका झेपेला एक श्वास, म्हणजे मिनिटाला 120च्या आसपास. मिनिटभरात दीड हजार लिटरहून जास्त हवा त्या दोन नाकपुड्यांतून आत जाते आणि तितकीच बाहेर येते. हवेच्या सगळ्या वाटेतला अर्ध्याहून जास्त अडथळा नाक, घसा आणि स्वरयंत्र एवढ्याच भागात असतो. अस्तर दोन-तीन मिलिमीटर सुजलं तरी माणसाची नुसती चिडचिड होते, घोड्याचा श्वासच अडतो. म्हणून या अस्तराची जाडी, ओल आणि संवेदना कोण सांभाळतं हा प्रश्न घोड्याच्या बाबतीत बिनमहत्त्वाचा नाही.

अस्तर म्हणजे आतली गुलाबी कातडी ना?

गुलाबी दिसतं ते खरं, पण सगळीकडे एकसारखं नसतं. नाकपुडीच्या तोंडाशी साधी त्वचा असते, केसांसह, बऱ्याचदा काळसर. तिथून आत गेलं की ओलं, चकचकीत अस्तर लागतं. वर सूक्ष्म केसाळ पेशी, मधे चिकट द्रव सोडणाऱ्या पेशी, खाली ग्रंथी आणि त्याखाली शिरांचं दाट जाळं. पोकळीत वरचा आणि खालचा असे दोन मोठे शंख असतात, कागदाच्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या पातळ हाडांचे. अस्तर त्यांच्यावरूनही पसरलेलं असतं. अगदी मागे, कवटीला लागून, चाळणीच्या हाडाजवळ वास घेणारा भाग.

खालचं शिरांचं जाळं लक्षात ठेवा. ते रक्ताने भरलं की अस्तर फुगतं, रिकामं झालं की पातळ होतं. तबेल्यात भिजवलेला स्पंज असतो ना, तसं. हा स्पंज पिळण्याचं काम चेतांचं.

मग नाकाला चेता किती?

मोजायला गेलात तर हैराण व्हाल. कामाप्रमाणे वाटून घ्या. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पहिली चेता वास घेते. पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल, स्पर्श, थंडी, आग आणि वेदना कळवते. ग्रंथी आणि रक्तवाहिन्या स्वायत्त चेतासंस्था चालवते, आणि तिच्यात पुन्हा दोन गट: अनुकंपी आणि परानुकंपी. नाकपुडी फुलवणारी सातवी चेता अस्तराला स्पर्शाची जाणीव देत नाही, पण तिचा एक फाटा मागच्या दाराने ग्रंथींपर्यंत पोचतो. तो पुढे येईलच.

पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना सांगतो, पाठांतर करू नका. प्रत्येक चेतेला दोनच प्रश्न विचारा: तू खबर नेतेस की हुकूम आणतेस, आणि नाकात कोणत्या भोकातून शिरतेस? बाकी आपोआप जागेवर बसतं.

पाचवी चेता नाकात कुठून येते?

हा माझा आवडीचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार. घाई असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

ट्रायजेमिनल ही मेंदूतून निघणाऱ्या चेतांमधली सगळ्यांत जाड. तिच्या तीन शाखा: डोळ्याकडची, वरच्या जबड्याची आणि खालच्या जबड्याची. नाकाच्या अस्तराला पहिल्या दोन पुरतात, तिसरीचा इथे संबंध नाही.

डोळ्याकडच्या शाखेतून एथमॉइडल नावाची बारीक चेता निघते. तिचा प्रवास मोठा गमतीचा. ती डोळ्याच्या खोबणीतून एका छिद्रावाटे पुन्हा कवटीच्या आत शिरते, मेंदूच्या पुढच्या टोकाशी थोडं अंतर कापते आणि मग चाळणीच्या हाडातून खाली नाकात उतरते. हडपसरहून कॅम्पात यायला कुणी शिवाजीनगरला वळसा घालावा, तसं. पण पोचते ती नेमक्या जागी: नाकाच्या पोकळीचा वरचा-मागचा भाग, मधल्या पडद्याचा वरचा भाग आणि वरचा शंख.

वरच्या जबड्याच्या शाखेकडे जास्त मोठा इलाखा आहे. तिचा एक फाटा टाळूच्या मागच्या बाजूच्या छिद्रातून नाकात येतो. मागची नासा-चेता म्हणा हवं तर. खालचा शंख, पोकळीचा मधला आणि खालचा मार्ग, पडद्याचा खालचा भाग हे तिच्याकडे. याच शाखेचा मुख्य प्रवाह डोळ्याखालच्या हाडातल्या बोगद्यातून, दाढांच्या मुळांच्या वरून पुढे येतो आणि गालावर एका भोकातून बाहेर पडतो. ही इन्फ्राऑर्बिटल चेता. घोड्याच्या चेहऱ्यावर, गालाच्या हाडाच्या धारेचं पुढचं टोक आणि नाकाच्या हाडाजवळची खाच यांच्या साधारण मधोमध, जरा मागे-वर, बोटाने चाचपलं तर भोकाची कड लागते. मांसपेशी थोडी बाजूला सारावी लागते. बाहेर पडल्यावर तिच्या फांद्या वरच्या ओठाला, नाकाच्या बाहेरच्या त्वचेला आणि आतल्या बाजूने नाकपुडीच्या दाराशी असलेल्या अस्तराला जातात.

म्हणजे दाराशी एक, खाली-मध्ये दुसरी आणि वर-मागे तिसरी. सगळ्यांच्या पेशी मात्र कवटीच्या तळाशी एकाच चेतागुच्छात, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, बसलेल्या, आणि तिथून खबर मेंदूच्या देठात जाते.

घोडा जोरात श्वास घेताना नाकपुडी फुलते, ती याच चेतेमुळे?

नाही. ती सातव्या चेतेची, म्हणजे चेहऱ्याच्या चेतेची करामत. बाहेरच्या बाजूने नाकपुडीला हाडाचा आधार नसतो, म्हणून स्नायूंनी ओढली की ती भरपूर फुलते. सातवी चेता दुखावली तर नाकपुडी मिटलेली राहते आणि ओठ निरोगी बाजूला ओढला जातो. बेशुद्ध केलेल्या घोड्याची मोहरकी काढायची राहिली आणि तो त्या कड्यावर गाल ठेवून तासभर पडला की हे होतं. अशा घोड्याच्या त्या नाकपुडीत कापसाचा बोळा फिरवून पाहा, डोकं झटकेल. हलवता येत नाही पण कळतं सगळं, कारण कळवणारी पाचवी शाबूत आहे. विद्यार्थ्यांना दोन चेतांमधला फरक दाखवायला याहून सोपी तपासणी मला सापडलेली नाही.

रक्तवाहिन्या आणि ग्रंथी कोण चालवतं?

इथे स्वायत्त संस्था येते, आणि इथेच पुस्तकातले शब्द जरा जड होतात.

परानुकंपी तंतू सातव्या चेतेतून निघतात, एका हाडातल्या अरुंद वाटेने पुढे येतात आणि टाळूच्या मागच्या बाजूच्या चेतागुच्छात मुक्काम करतात. घोड्यात हा गुच्छ एकसंध गोळा नसून बारीक बारीक गाठींची माळ असते. तिथे हुकूम एका चेतापेशीकडून दुसरीच्या हाती जातो आणि पुढचे तंतू अस्तरात जाऊन ग्रंथींना सांगतात, पाणी सोडा. रक्तवाहिन्यांनाही ते सैल करतात. अ‍ॅसिटिलकोलीन हा त्यांचा मुख्य निरोप्या, आणि सोबत व्हीआयपी नावाचं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. नाव ऐकून हसू नका, शास्त्रात ते लघुरूप फार आधीपासून आहे.

अनुकंपी तंतू मानेतून वर येतात. त्यांचा मुक्काम कवटीखालच्या मानेच्या वरच्या चेतागुच्छात होतो. तिथून निघालेले तंतू आतल्या कॅरोटिड धमनीच्या अंगाने चढतात, परानुकंपी तंतूंना जाऊन मिळतात आणि त्याच वाटेने, पण टाळूमागच्या गुच्छात न थांबता, नाकात उतरतात. एकाच गाडीत बसलेले दोन प्रवासी, एकाला मधे गाडी बदलायची आहे आणि दुसऱ्याला नाही. अनुकंपी तंतू नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतात, जोडीला न्यूरोपेप्टाइड वाय. त्यांनी शिरांचं जाळं आवळलं जातं आणि अस्तर पातळ होतं.

शांत उभ्या घोड्यातही अनुकंपी तंतू शिरा थोड्या आवळूनच धरतात. ही सततची पकड सुटली तर काय होतं ते खाली घामाच्या प्रश्नात पाहा.

धावताना रक्ताभिसरण वाढतं, मग नाक चोंदत कसं नाही?

धावताना अनुकंपी संस्था जोरात असते. ती अस्तराखालच्या शिरा आवळते, स्पंज पिळला जातो आणि नाकाची वाट नेमकी गरज असते तेव्हा रुंद होते. नाकपुडी फुलते ती वेगळी. दोन्ही मिळून हवेला जागा होते.

"मग कसरतीनंतर आतून लाल का दिसतं?" हा लगेच येणारा उपप्रश्न. रंग दिसतो तो वरच्या केशवाहिन्यांचा, जाडी ठरते ती खालच्या शिरांवरून. दौडून आलेल्या घोड्याचं अस्तर लालसर दिसलं आणि श्वास मोकळा असेल, तर फोटो पाठवू नका. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा.

सबस्टन्स पी, सीजीआरपी ही नावं वाचली. ती काय भानगड आहे?

पाचव्या चेतेचे बारीक तंतू, विशेषतः वेदनेचे, नुसती खबर नेऊन थांबत नाहीत. त्यांच्या टोकांत काही पेप्टाइडं साठवलेली असतात: सबस्टन्स पी, न्यूरोकायनिन ए, सीजीआरपी. टोकाला काही झोंबलं की खबर मेंदूकडे जाते आणि त्याच वेळी, मेंदूची वाट न पाहता, शेजारच्या फांदीतून ही पेप्टाइडं अस्तरात सुटतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, ग्रंथी पाझरतात. चौकीदाराने वरती फोनही करायचा आणि स्वतःच पाण्याची बादली ओतायची, असं हे दुहेरी काम.

हे तंतू दिसतात कसे? अस्तराचा तुकडा घेऊन त्याचे पातळ काप करतात आणि त्या-त्या पेप्टाइडला चिकटणारं प्रतिपिंड लावतात. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या पेशींच्या अगदी खाली, रक्तवाहिन्यांभोवती आणि ग्रंथींच्या आसपास मण्यांच्या माळेसारख्या रेषा दिसतात. रक्तवाहिन्यांभोवतीचा नॉरअ‍ॅड्रिनलिनवाला पट्टा आणि ग्रंथींभोवतीचं परानुकंपी जाळं असंच वेगवेगळ्या रंगांत उजळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दिवाळीतल्या माळा आठवल्या होत्या. उपमा साधी आहे, पण दुसरी सुचली नाही.

निरोगी घोड्याच्या नाकात हे शोधून उपयोग काय? आजारी घोड्यात शोधा की.

वरवर रास्त वाटतं. पण डोकं झटकण्याचा विकार घ्या. इंग्रजी नाव हेडशेकिंग. चांगला चालणारा घोडा अचानक मान वरखाली झटकतो, फुरफुरतो, नाक पुढच्या पायाला घासतो, जणू नाकात गांधीलमाशी शिरली आहे. कित्येकांना उन्हात आणि ठरावीक ऋतूत जास्त त्रास होतो. दात, कान, डोळे, घसा सगळं तपासून काही सापडत नाही. मग लोक घोड्याला "नाटकी" ठरवतात. एका घोडीला असं म्हणून महिनाभर कडक लगाम चढवलेला मी पाहिला आहे. कुठे ते सांगत नाही.

संशोधनातून कळलं ते असं: या घोड्यांची पाचवी चेता फार थोड्या उत्तेजनाला पेटते. तिला जागं करायला निरोगी घोड्यापेक्षा खूपच कमी विद्युतप्रवाह पुरतो. पण तीच चेता कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर झीज वा जखम असं काही ठळक दिसत नाही. बिघाड रचनेत नाही, चालण्यात आहे. आता अशा वेळी अस्तरातले तंतू जास्त आहेत की कमी, पेप्टाइडं वाढली आहेत की नाहीत, हे ठरवायचं कशाशी तुलना करून? निरोगी घोड्याच्या नाकात कुठे, किती, कोणते तंतू असतात याचा नकाशा आधी हातात हवा. ताप मोजायचा तर आधी नेहमीचं तापमान ठाऊक लागतं, तेच.

ती चेता कापूनच टाकली तर?

केलं गेलं आहे आणि सोडूनही दिलं गेलं आहे. इन्फ्राऑर्बिटल चेता कापल्यावर बऱ्याच घोड्यांचा त्रास गेला नाहीच, उलट कापलेल्या टोकाला वेदनेची गाठ आली आणि घोडे नाक घासघासून रक्तबंबाळ करू लागले. आता नाकावर जाळी बांधणं, ऊन टाळणं, औषधं आणि चेतेजवळ सुई ठेवून सौम्य विद्युत उत्तेजन देणं असे मार्ग आहेत. जाळी स्वस्त, निरुपद्रवी, आणि काही घोड्यांना खरोखर आराम देते. सुरुवात तिथूनच करा.

वास घेण्याचं काय? तेही याच अस्तरात?

हो, पण अगदी मागे. पहिल्या चेतेचे धागे चाळणीच्या हाडातून थेट मेंदूत जातात. या वासपेशींची खासियत अशी की त्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात.

शिवाय पडद्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक लांबट नळी असते, व्होमेरोनेझल अवयव. घोडा मान उंचावून वरचा ओठ मागे दुमडतो, लोक म्हणतात "हसतोय", तेव्हा तो माजावर आलेल्या घोडीचा किंवा एखाद्या अनोळखी वासाचा अर्क या नळीत ओढत असतो. रेडाही हेच करतो. फरक एवढाच की रेड्याची ही वाट तोंडातही उघडते, घोड्याची तोंडाकडची बाजू बंद असते. तोंड आणि नाक वेगळं ठेवायचा घोड्याचा हट्ट इथेही.

तबेल्यात मूत्राचा वास डोळ्यांना झोंबतो. घोड्याला सवय होते का?

वासाची होत असेल, झोंबण्याची नाही. अमोनिया कळतो तो वासाच्या चेतेपेक्षा पाचव्या चेतेला. फोडणीत मिरची जळल्यावर घरभर ठसका लागतो, तो वास नसतो, ती आग असते. तेच हे. शिवाय घोड्याचं नाक गवत हुंगताना जमिनीलगत असतं आणि अमोनिया उठतो तो तिथूनच. तुम्ही दारात उभे राहून "काही वास नाही" म्हणता. एकदा गुडघ्यावर बसून पाहा.

पुण्याच्या पावसाळ्यात दोन गोष्टींची भर पडते. ओली गादी लवकर कुजते, आणि कोंदट गोदामातल्या कडब्याला, गवताला बुरशी धरते. झटकून टाकलेलं वाळकं गवत नाकात धूळ भरतं, ओलवून दिलेलं भरत नाही. बादलीभर पाण्याचा प्रश्न आहे.

नाकपुडीला मेंथॉलचा बाम लावतात. फायदा?

मेंथॉल पाचव्या चेतेच्या थंडी ओळखणाऱ्या टोकांना फसवतो. माणसात हे नीट तपासलं गेलं आहे: नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात वाट तेवढीच राहते. वळू घोड्याला घोडीचा वास येऊ नये म्हणून प्रवासात लावतात, ते समजू शकतं. शर्यतीच्या घोड्याला मात्र नियमावली तपासल्याशिवाय काहीही चोळू नका. मिरचीतला कॅप्सेसिन लावल्याने 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, ज्याच्या घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, चार घोडे चाचणीत सापडले होते. तिथे तो पायांसाठी होता, पण काम याच वेदनेच्या तंतूंवर.

पोटदुखीत डॉक्टर नाकातून नळी घालतात तेव्हा घोडा उधळतो. नाक इतकं नाजूक आहे का?

आहे. नळी दारातून आत जाते तो क्षण सगळ्यांत वाईट, तिथे इन्फ्राऑर्बिटलच्या फांद्या दाट आहेत. एकदा खालच्या मार्गाला लागली की निम्मे घोडे शांत होतात. नळी वर सरकली तर मात्र चाळणीजवळच्या नाजूक भागाला धक्का बसतो आणि रक्ताची धार लागते. दिसते भयानक, बहुधा थांबते. म्हणून नळी अंगठ्याने खाली दाबून, तळाला धरून घालायची. मोतद्दाराने मान सरळ धरली तर माझं अर्धं काम तोच करतो.

गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर घोडा घोरायला लागला. घाबरायचं का?

गुंगीत घोडा मान खाली टाकतो. डोकं हृदयापेक्षा खाली गेलं की शिरांतलं रक्त नाकाच्या त्या स्पंजात साठतं, अस्तर फुगतं आणि घरघर सुरू होते. डोक्याखाली आधार द्या, हनुवटी खांद्याच्या पातळीला आणा, बराच फरक पडतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही कधी फेनिलेफ्रिनचे थेंब नाकात टाकतो. ते अनुकंपी चेतेची नक्कल करून शिरा आवळतात. तोंडाने श्वास न घेऊ शकणाऱ्या जनावराला शुद्धीवर येताना नाक बंद असणं म्हणजे जिवाशी गाठ.

घोड्याच्या चेहऱ्याला एकाच बाजूने घाम येतो आणि त्याच बाजूचं नाक वाजतं. नाकाचा आजार?

हा फोटो आला तर मी गाडी काढतो. बहुधा नाक निर्दोष असतं, अनुकंपी तार कुठेतरी तुटलेली किंवा दबलेली असते. याला हॉर्नर लक्षणसमूह म्हणतात. त्या बाजूची वरची पापणी खाली येते, पापणीचे केस जमिनीकडे झुकतात, अस्तर लाल होऊन फुगतं, आणि घाम येतो. माणसात या बिघाडात त्या बाजूचा घाम थांबतो, घोड्यात उलट सुटतो. रक्तवाहिन्या सैल पडल्याने त्वचेला रक्त जास्त मिळतं आणि घोड्याच्या घामाच्या ग्रंथी रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनलाही दाद देतात, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

तार कुठे तुटली ते शोधायचं. मानेच्या शिरेत इंजेक्शन देताना औषध शिरेबाहेर सांडलं तर तात्पुरतं असं होतं. घशामागे घोड्याला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यांच्या भिंतीलगतच मानेचा वरचा चेतागुच्छ आणि आतली कॅरोटिड धमनी आहे. तिथे बुरशी लागली तर चेतेबरोबर धमनीही कुरतडली जाते आणि एखाद्या दिवशी नाकातून प्राणघातक रक्तस्राव होतो. म्हणून "घामच आहे, पुसून घे" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. दुर्बीण घालून बघावंच लागतं.

नाकपुडीच्या तळाशी गोल भोक दिसतंय. जखम आहे का?

नाही. अश्रूंची नळी तिथे उघडते, बरोबर त्वचा संपून गुलाबी अस्तर सुरू होतं त्या सीमेवर. प्रत्येक घोड्याला असतं. दर वर्षी दोनतीन जण त्यावर मलम लावून मोकळे होतात.

नाक बधिर करून टाके घालता येतात का?

नाकपुडीची चिरलेली कड शिवायची तर इन्फ्राऑर्बिटल चेता भोकाशी बधिर करतात. ओठ, नाकपुडी आणि दाराजवळचं अस्तर सुन्न होतं. आतला भाग होत नाही, कारण तिथल्या चेता त्या भोकातून बाहेर येतच नाहीत. तिथे काम असेल तर वेगळी जागा, वेगळी सुई. हे घरी करायचं काम नाही. भोक सापडलं म्हणून सुई घेऊन बसू नका.

प्रदर्शनासाठी नाकावरच्या मिशा कापतो. चालतं ना?

त्या शोभेच्या नाहीत. प्रत्येक लांब केसाच्या मुळाशी पाचव्या चेतेचे तंतू गुंडाळलेले असतात. घोड्याला स्वतःच्या ओठाखालचं दिसत नाही, चंदीतला खडा त्याला या केसांनी कळतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून त्या कापायला बंदी घातली आहे. भीमथडीच्या तट्टांच्या मिशा कुणी कधी कापल्या नाहीत आणि ती तट्टं मराठ्यांना घेऊन कुठल्या कुठे जाऊन आली.

वरातीत घोडा फटाक्यांच्या धुरात दोन तास उभा असतो. नाकावर ओलं फडकं बांधू का?

नको. नाक हीच त्याची एकुलती एक वाट आहे आणि भिजलेलं फडकं तीच अडवतं. बँडच्या मागे धुरात उभा करण्यापेक्षा पुढे, वाऱ्याच्या बाजूला ठेवा. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने नाकपुडीच्या कडा पुसा, डोकं खाली करून गवत खाऊ द्या, म्हणजे आतला कचरा आपसूक खाली वाहून येतो. दुसऱ्या दिवशीही पिवळट शेंबूड आला, एकाच नाकपुडीतून आला किंवा दुर्गंधी आली, तर फोटो पाठवा. फ्लॅश बंद ठेवून काढा, फ्लॅशमध्ये सगळीच नाकं आजारी दिसतात.